बोडीची पार उतरताना

आमच्या भागात चढण्याला काम म्हणतात. उतरण्याला कोणी काहीच म्हणत नाही.

उमेदीच्या काळात, शेतीचं काम नसलं की मी गोंदियाच्या राइस मिलमध्ये हमाली करायचो. धानाचं पोतं पाठीवर घ्यायचं, तिरप्या फळीवरून थप्पीच्या माथ्यावर चढायचं, पोतं टाकायचं आणि परत यायचं. परत कसं यायचं हे कोणी विचारत नसे. म्हातारे आणि भित्रे फळीवरून यायचे. आम्ही थप्पीवरून सरळ खाली उडी मारायचो. धप्प आवाज झाला की मुकादम वर न बघता पुढचं पोतं लावायला सांगायचा. ती उडी म्हणजेच आमचा आराम होता.

शेतातही तेच. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय टाकून चढायचं आणि उडी मारून उतरायचं. बैलगाडीवरून उडी, मोहाच्या झाडावरून उडी, आता ट्रॅक्टर आले तर ट्रॉलीवरूनही उडी. एखादा हळू उतरताना दिसला की त्याला विचारतात, "काऊन गा, दोन जीवाचा हायेस का?" असे हे शहाणे लोक. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी ज्यांना मूर्ख म्हणणार आहे त्यांच्यात मी स्वतःही काही दिवस होतो. फार दिवस नव्हतो.

त्या उन्हाळ्यात बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शेणखत टाकणं चाललं होतं. ट्रॉली रिकामी झाली आणि मी नेहमीसारखी उडी मारली. उजव्या टाचेच्या मागं, जिथं पोटरीची जाड शीर खाली येऊन टाचेला चिकटते, तिथं कोणी दाभण खुपसल्यासारखं झालं. मी शिवी दिली आणि चालत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उतरलो तर पाय जमिनीला टेकवेना. दहा पावलं लंगडायचं, मग जरा सैल पडायचं, दुपारी बरं वाटायचं, आणि पुन्हा सकाळी तेच. रोहिणी गेल्या, मृग गेलं. शीर हाताला लागेल इतकी जाड झाली.

गावात पाय दुखला की डॉक्टर फार होतात. एक म्हणाला बिब्याचा चटका द्या. दुसरा म्हणाला पोळ्यापर्यंत खाटेवरून उठूच नका. तिसऱ्यानं आपल्या फोनमध्ये एक गोरा माणूस दाखवला. तो उघडा होऊन दोरीवरच्या उड्या मारत होता. म्हणे, काकाजी, रोज हे करा. ज्या उडीनं पाय गेला तीच उडी औषध म्हणून सांगणाऱ्या माणसाला मतदानाचा हक्क आहे, याचं मला नवल वाटतं. गंमत म्हणजे 'उठू नका' म्हणणारा आणि 'उड्या मारा' म्हणणारा हे दोघंही माझ्याच ओट्यावर, माझाच चहा पीत, एकमेकांच्या बोलण्याला मान डोलवत होते.

मी कोणाचंच ऐकलं नाही. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आली तेव्हा धुऱ्यावर छत्री उघडून बसलो. चिखलात पाय रुतवून बाहेर काढणं मला जमत नव्हतं. रोवणीच्या बायांच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांच्या जिभेला हाड नसतं. एक म्हणाली, "दादाजीच्या छत्रीले मूळ फुटले वो!" दुसरी म्हणाली, "राहू दे बाई, यंदा धुऱ्यावर दादाजीच पिकून राहिले." सगळ्या बांधीत हशा झाला. मी तिथून उठून गेलो असतो, पण उठून चालताना लंगडलो असतो, म्हणून बसून राहिलो.

त्याच आठवड्यात मुलगा आला. गोंदियात त्याचं मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो तिसऱ्या माळ्यावर राहतो आणि तिसऱ्या माळ्यावरच्या माणसासारखा बोलतो. आल्या आल्या त्यानं आमच्या बांधीला लागून ज्याच्या बांध्या आहेत त्या शेजाऱ्याला बोलावून घेतलं. दोघं छपरीत बसले तेव्हाच मला वास आला.

"बाबा, तुमच्यानं आता होत नाई," मुलगा म्हणाला.

"काय होत नाई?"

"तुडूम."

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला आमची स्वतःची बोडी आहे, लहान तलावच म्हणा. तिच्या बांधाला आम्ही पार म्हणतो. पारेच्या आतल्या उतारावर, पाण्याच्या काठाशी, पाणी सोडायचं दगडी तोंड आहे, ते तुडूम. आश्विनात पावसानं दगा दिला आणि धान पोटरीत, म्हणजे लोंबी पोटात धरून, असलं की तुडूम उघडावं लागतं, नाहीतर लोंबीत दाणा भरत नाही. तिथं जायला पायऱ्या नाहीत. उभ्या उतारावर बसवलेले दगड आहेत, शेवाळलेले.

"पानी सोडाले कोन उतरन?" मुलगा म्हणाला. "त्या दगडावरून पाय सरकला त सीधे बोडीत जासान. मी तिकडे दुकानात बसून राहीन आन तुम्ही इकडे पान्यावर तरंगून राहसान."

"मंग?"

"मंग काय? काकाले ठेक्यानं देऊन टाकू. तुम्ही आन माय गोंदियाले चला."

हा काका म्हणजे शेजारी. तो लगेच म्हणाला, "काकाजी, मी काई जबरदस्ती नाई करून राहिलो जी."

"तू करून पाहाय," मी म्हणालो, "मंग सांगतो तुले."

गोंदियात राहायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. एकदा पाऊस नसताना आठ दिवस राहून आलो होतो. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. सकाळी उठून माणसानं कुठं जायचं हेच कळत नाही. ज्या माणसाला सकाळी कुठं जायचं नसतं त्याला लोक विश्रांती घेणारा म्हणतात. मी त्याला वेगळं नाव देतो.

मी मुलाला विचारलं, "आश्विनात तुडूम म्या खोललं त?"

"त मी काई बोलनार नाई."

"कोनाचा हात न धरता."

"कोनाचा हात न धरता. पन त्याच्याआधी माझ्यासंगं दवाखान्यात याचं."

असा सौदा झाला. शेजारी उठला तो आमच्या बांधीकडं बघतच गेला. दोन दिवसांनी पाहिलं तर आमच्या बोडीचं पाणी घ्यायला त्यानं आपल्या हद्दीतला पाट आमच्या बाजूनं खणून साफ करून ठेवला होता. माणूस मरायच्या आधीच त्याची खाट मागायला येणारी ही जात.

सालेकशावरून पॅसेंजरनं गोंदियाला गेलो. स्टेशनवरचा पूल चढताना मुलगा माझ्या मागं होता, उतरताना पुढं झाला, मी पडलो तर अडवायला. मी त्याला म्हणालो, तू माझ्या वजनाखाली सापडलास तर तुझंच दुकान बंद होईल.

दवाखाना म्हणजे कसरतीचा दवाखाना होता. इंजेक्शन नाही, गोळी नाही. माझ्या नातीच्या वयाची एक मॅडम. तिनं मला पालथं झोपवलं, पावलं खाटेच्या बाहेर लोंबकळू दिली आणि पोटरी मुठीत दाबली. पाऊल हललं. ती म्हणाली, "अच्छा है. शीर तुटली असती तर पाऊल हललं नसतं. मग मी कसरत दिलीच नसती, सीधा बडे डॉक्टर के पास." मग शुगर आहे का, ताप आला होता का, इतक्यात कोणती औषधं घेतली, सगळं विचारलं. मी म्हणालो, दुखते टाच आणि तू विचारतेस शुगर. ती हसली आणि लिहून घेत राहिली.

मग तिनं मला एका पायरीच्या काठावर उभं केलं. पावलाचा पुढचा भाग पायरीवर, टाच बाहेर अधांतरी, हात भिंतीला. "दादाजी, वर जायचं दोन्ही पायांनी. मग डावा पाय उचलायचा आणि खाली यायचं फक्त या दुखऱ्या पायानं. धीरे. एकदम धीरे."

"म्हनजे चढाचं दोन पायानं आन उतराचं एका पायानं?"

"हाँ दादाजी."

"मंग मेहनत कोनती?"

"उतरना ही मेहनत है."

मी मुलाकडं पाहिलं. याच्यासाठी आगगाडीत बसवून आणलं? ती समजावत होती. टाच उचलताना पोटरी आखडते आणि टाच खाली सोडताना तीच पोटरी भार धरून ठेवत ठेवत लांब होते. असं लांब होता होता जो ताण पडतो, त्यानं शीर पुन्हा बळकट होते. पण हळूहळू, काही महिने. मला त्यातलं फक्त 'काही महिने' पटलं. दवाखानेवाल्यांना ते नेहमीच पटतं.

भिंतीपलीकडं जिम होतं. तिथं पोरं लोखंड उचलत होती. उचलताना सगळ्या गोंदियाला ऐकू जाईल असं कण्हायची आणि वर नेलं की धाडकन सोडून द्यायची. मॅडम म्हणाली, "बघा, ते लोक अर्धी कसरत फेकून देतात." त्या दिवशी मला वाटलं, ही उगाच पोरांच्या ताकदीवर जळते.

घरी आलो आणि तिची कसरत मी सुधारून घेतली. म्हणजे असं की, दुखऱ्या पायानं चढायचं, कारण चढणं हे काम. आणि खाली दोन्ही पायांवर धप्पकन यायचं, कारण उतरणं हे काम नव्हे. शिवाय नुसतं शरीर वरखाली करायला मी काही देवळातली घंटा नाही, म्हणून खांद्यावर धानाचं अर्धं पोतं घेतलं. छपरीचा खांब धरायचीही गरज वाटली नाही. बायको चुलीपाशी होती. पहिला धप्प आवाज झाला तशी बाहेर आली.

"मॅडमनं पोतं घ्या म्हनलं?"

"तिले काय समजते?"

"मंग तिच्याकडे कायले गेले? पोतं घ्यासाठी त घरचाच खांदा होता."

मी ऐकलं नाही. आठवडाभरात टाच पेरूएवढी सुजली. आता सकाळीच नव्हे, दुपारीही लंगडू लागलो. मुलाला फोनवर कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. माहीत आहे, पण ती अजून माझा स्वयंपाक करते. मुलानं फोनवर एवढंच विचारलं, "बाबा, काकाले हो म्हनू का?" मी म्हणालो, आश्विन अजून आला नाही. फोन ठेवला आणि ओट्याच्या काठाशी आलो. बोडी भरली होती, धान हिरवं होतं, आणि मला माझ्याच ओट्यावरून नीट उतरता येत नव्हतं.

पुन्हा गोंदिया, या खेपेला बायकोही बरोबर. मॅडम रागावेल असं वाटलं होतं. तिनं नुसतं म्हटलं, "करून दाखवा, घरी कशी करत होता." मी करून दाखवली, पोत्याचंही सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "दादाजी, आपने तो दवाई फेंक दी और डिब्बा खा लिया!"

मुलगा हसला. मी त्याच्याकडं पाहिलं, तसा थांबला.

ती म्हणाली, सूज उतरेपर्यंत पायरी बंद. मग दोन्ही पायांनी चढायचं, दोन्ही पायांनी उतरायचं, सपाट जमिनीवर, खांब धरून. ते सोसलं की पायरी. तेही सोसलं की एक पाय. वजन मी सांगेन तेव्हा. मी मान डोलावली. पटलं मात्र नव्हतं. मनात तोच प्रश्न: ज्यात घाम नाही त्यात औषध कसं असेल?

पटलं ते घरी आल्यावर, आणि पटवणारीला मी कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं. बायको आमच्या घरासमोरच्या हातपंपावर गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, घेऊन गेली. मी ओट्यावर बसून सुजलेल्या पायाला शिव्या देत होतो. भरलेला गुंड डोक्यावर चढवायला तिनं पंपावरच्या दुसऱ्या बाईला हाक मारली. दोघींनी मिळून "हं" करत उचलला. मग ही एकटी चालत आली, ओटा चढली, घडवंचीपाशी गेली आणि तो गुंड डोक्यावरून एकटीनं खाली घेतला. दंड थरथरत होते, पण गुंड असा उतरला की पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही.

हे मी लग्नापासून बघत होतो. बघत होतो म्हणजे डोळ्यांसमोर होत होतं.

मी विचारलं, "चढवाले त्या बाईले बोलावलं. उतरवाले कोनाले काऊन नाई बोलावलं?"

"उतरवाले कोन लागते जी?" तिनं पदरानं मान पुसली. "चढवाले दोघी लागते. उतरवाले एकटी पुरते. फकत हळू घ्या लागते. धाडकन सोडला त गुंडबी जाते आन मानबी."

"दंड दुखत नाई?"

"उतरवतानाच त दुखते. चढवताना काय, दुसरी बाई असते." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "एवढं पुसाले गोंदियाले जाऊन आले का?"

ती आत गेली. मी पायाकडं बघत बसलो. चढायला दोन पाय, उतरायला एक. जेवढं माणसाला एकट्यानं उचलता येत नाही तेवढं एकट्यानं उतरवता येतं, म्हणजे उतरवताना अंगात जास्त बळ असतं, फक्त ते हळू वापरावं लागतं. आणि आम्ही मिलमधले बहाद्दर हेच बळ थप्पीवरून फेकून देत होतो, पोतं चढवल्याची फुशारकी मारत.

सूज उतरल्यावर मी सुरू केलं. पायरीच्या काठावर उभं राहायचं, हात छपरीच्या खांबाला, दोन्ही टाचा वर, मग डावा पाय अलगद उचलायचा आणि उजवी टाच खाली सोडायची. मॅडमनं मनात आकडे मोजायला सांगितलं होतं. शाळा मी अर्ध्यात सोडली ती आकड्यांच्या रागानंच. मी आकडे मोजले नाहीत. डोक्यावर भरलेला गुंड आहे असं समजून उतरलो.

आणि घाम आला. मी चकित झालो. खाली येता येता पोटरी पाण्यात भिजलेल्या दोरासारखी थरथरत होती.

तिसऱ्या दिवशी पोटरीत अशा गाठी आल्या की जिना असता तर बसून उतरलो असतो. केलं तेव्हा काही नाही, दुसऱ्या दिवशी थोडं, आणि तिसऱ्या दिवशी हे! मी फोन शोधू लागलो, मॅडमला चार शब्द सुनवायला.

बायको म्हणाली, "तिनं पयलेच सांगतलं होतं ना, परसों दुखेगा म्हनून? म्या आयकलं, तुम्ही जिमवाल्या पोराइकडे पाहून राहिले होते."

सांगितलं होतं, हे खरं. आणखीही सांगितलं होतं. पोटरीचं मांस दुखलं तर दुखू द्यायचं, ते दोन-तीन दिवसांत मोकळं होतं. पण टाचेमागं दाभण टोचलं तर तिथंच थांबायचं, मर्दपणा करायचा नाही. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. खाटेवरून उठून चुलीपर्यंत जाताना कालच्यापेक्षा जास्त लंगडलो, तर काल जास्त झालं होतं, आज कमी. तितकंच किंवा कमी लंगडलो, तर काल बरोबर होतं. यासाठी कोणतं यंत्र लागत नाही. पण आमच्या लोकांना असं औषध चालत नाही. त्यांना एकतर दुखायलाच नको, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दुखायला हवं. मधलं त्यांना कळत नाही.

श्रावणात वजन घ्यायची परवानगी मिळाली. नातवाचं जुनं दप्तर घेतलं, त्यात थोडं धान टाकलं आणि पाठीला लावलं. आठवडा सकाळी बरा गेला की आणखी थोडं धान. वजन घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दप्तर खुंटीला. नवा गोऱ्हा जुंपताना आधी रिकामी गाडी लावतात, मग थोडा माल, आणि मध्ये सोडून चरायला देतात, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. गोऱ्ह्याला लावलेली अक्कल स्वतःच्या पोटरीला लावायची, एवढंच राहून गेलं होतं.

पाठीवर दप्तर लावून ओट्याच्या काठावर वरखाली होणारा म्हातारा म्हणजे गावाला फुकटचा तमाशा मिळाला. शेजारी तर रोज त्याच वेळी आमच्या दारावरून जाऊ लागला.

"काकाजी, अजून ओट्यावरूनच उतरून राहिले का जी?"

"हाव."

"शाळेत नाव घातलं वाटते? दप्तर-बिप्तर?"

"हाव. तुह्या पाटात पानी आलं का?"

तो चालू लागला. पाट कोरडाच होता. त्यात गवत उगवू लागलं होतं.

आश्विन लागला आणि ऊन तापलं. धान पोटरीत होतं, बांधीला भेगा पडल्या, रोज संध्याकाळी ढग यायचे आणि मध्य प्रदेशाकडं निघून जायचे. मी मुलाला फोन केला: ये. तो दुकान बंद करून आला. शेजारी न बोलावता आला. पारेवर उभा राहिलो तेव्हा मागं हे दोघं होते आणि खाली शेवाळलेले दगड, त्यांच्या पायथ्याशी काळं पाणी.

मुलानं मोटरसायकलच्या डिकीतून दोरी काढली. "बाबा, कमरेले बांधून घ्या."

"बैल आहो का मी?"

"बाबा, आयका ना. हट्ट नका करू."

दोरीचं दुसरं टोक त्यानं आधीच आपल्या मनगटाला गुंडाळलं होतं. मी त्याच्याकडं पाहिलं. इतके दिवस मी समजत होतो की याला शेत नकोसं झालं आहे. त्याला माझं प्रेत नको होतं. हे त्यानं आधी नीट सांगितलं असतं तर मी त्याला थोड्या कमी शिव्या दिल्या असत्या. दोरी बांधू दिली. हात न धरता ठरलं होतं, दोरी न बांधता ठरलं नव्हतं. पण ती सैल ठेवायला सांगितलं. ताणलीस तर परत चढून येईन आणि तुलाच खाली ढकलीन, म्हणालो.

चप्पल काढली. पाण्याकडं पाठ केली, सगळा भार उजव्या पायावर घेतला आणि डावा पहिल्या दगडाकडं खाली सोडला. घाई नाही. उजवी टाच दगडाच्या काठावरून हळू सोडायची, पोटरीनं भार धरून ठेवायचा, डावा पाय खालचा दगड चाचपेपर्यंत सोडायचा नाही. शेवाळावर उडी मारणारा सरकतो, कारण त्याचा भार एकदम येतो. थेंबाथेंबानं भार देणाऱ्याला दगड सांगतो, सरकतो की नाही ते. एका ठिकाणी दगड हलला. मी तिथंच, एका पायावर, अर्ध्या उतारात थांबलो. पोटरी थरथरली, पण तिनं धरलं. टाचेमागं दाभण नव्हतं. वरून मुलाचा श्वास ऐकू येत होता. पाय मागं घेतला आणि शेजारच्या दगडावर टाकला.

तुडमाच्या तोंडातला लाकडी दट्ट्या पाण्यानं फुगून बसला होता. दोन्ही हातांनी हलवून हलवून काढला. आतून घुमल्यासारखा आवाज आला आणि पारेच्या पलीकडं, आमच्या पाटात पाणी पडलं. आमच्या पाटात. पहिल्या बांधीत पसरलं आणि भेगांमधून बुडबुडे यायला लागले.

चढून वर आलो. चढण्याचं काही सांगत नाही, चढायला कोणालाही येतं.

मुलानं दोरी सोडली, गुंडाळली आणि डिकीत टाकली.  मग शेजाऱ्याला म्हणाला, "काका, ठेक्याचं राहू द्या. बाबा करून राहिले."

"हाव जी, हाव," शेजारी म्हणाला. "मी त पयलेच म्हनून राहिलो होतो, काकाजी अजून कडक हायेत."

असं तो कधीच म्हणाला नव्हता.

मग तो निघाला. त्याच्या बांधीकडं जायला पारेची बाहेरची बाजू उतरावी लागते. ती बाजू कोरडी, मातीची आणि कमरेच्या वर उंच. एका बाजूनं पायवाट आहे, पण तिच्यावरून म्हातारे आणि भित्रे जातात. तो काठावर गेला, धोतर आवरलं आणि उडी मारली. धप्प. खाली उभा राहिला, क्षणभर एका पायावर. मग दुसरा टेकला. टाच चोळली, आमच्याकडं पाहिलं नाही, आणि जरा लंगडतच आपल्या कोरड्या पाटाच्या काठानं निघून गेला.

मुलगा म्हणाला, "बाबा, त्याईले सांगा ना, हळू उतरा म्हनून."

मी चप्पल घातली आणि पायवाटेकडं वळलो. विचारल्याशिवाय सांगायची माझी सवय नाही. तो अजून विचारायला आलेला नाही.